बोरीटोल्याचं वळण

चंद्रकुमारांनी तीन वर्षं खपून उभी केलेली रेल्वे एका सकाळी स्वतःच्याच हातानं उखडायला घेतली, तेव्हा ललिताबाई खाली अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. माडीवरून आधी खिळे उपसल्याचा आवाज आला, मग प्लायची फळी जमिनीवर आपटल्याचा. काहीतरी पडलं असं वाटून त्या तशाच उठल्या, जिना चढून गेल्या आणि दारातच थबकल्या.

डोंगर गेला होता. बोगदा गेला होता. थर्माकोलचे तुकडे खोलीभर पसरले होते आणि चंद्रकुमार खाली बसून रुळांचे जोड एकेक करून सोडवत होते. स्टेशनची इमारत खिडकीत उलटी पडली होती. तिच्यावरची नावाची पाटी ललिताबाईंनी स्वतः रंगवली होती, दोन केसांच्या ब्रशानं, श्वास रोखून.

"अजी, काहून तोडून राहिले?"

"आता खरी बनवतो," चंद्रकुमार मान वर न करता म्हणाले.

"मंग ही खोटी होती का?"

"ही खेळणी होती."

एवढंच बोलून ते पुन्हा कामाला लागले. ललिताबाई खाली आल्या, पण शेंगांत त्यांचं लक्ष लागेना.

चंद्रकुमार छोट्या लाईनीचे ड्रायव्हर होते. अरुंद रुळांवरची डिझेलची गाडी त्यांनी सव्वीस वर्षं चालवली. ते निवृत्त झाले त्याच वर्षी लाईनही बंद झाली, मोठे रूळ टाकायला. रिकामा माणूस घरात नुसता फेऱ्या मारायचा. ते पाहून पुण्याच्या मुलानं, मनिषनं, एक खेळण्यातलं इंजिन, तीन डबे आणि गोल फिरणारे रूळ पाठवून दिले होते. पहिले दोन दिवस चंद्रकुमार त्याच्याकडे बघतही नव्हते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "याची गिट्टी कुठं हाय? बिनगिट्टीचे रूळ असतेत का?" आणि वैनगंगेची रेती आणून ती चहाच्या गाळणीनं गाळायला बसले.

तिथून सुरुवात झाली. जमिनीवरचे रूळ टेबलावर चढले. टेबल वाढलं. एका लाईनीच्या दोन झाल्या, मध्ये रूळ बदलणारा पॉइंट आला, मग चढ आला, पूल आला. वखारीतून भुसा आणायचा, तो हिरव्या रंगात बुडवून गच्चीवर वाळवायचा, की झालं गवत. तागाच्या दोरीचे धागे सोडवले की झालं धान. गाडी चढावर घसरायला लागली तर इंजिनात शिशाचे तुकडे बसव, वळणावर डबा उतरला तर वळणच पुन्हा मोठं कर, असं रोज काहीतरी सुधारत असायचे. ललिताबाई सुरुवातीला हसल्या, मग हळूहळू त्याही गुंतल्या. शेजारच्या शकुनबाई पाहुणे आले की त्यांना घेऊन माडीवर यायच्या. चांगले दिवस होते ते.

म्हणूनच ही तोडातोड ललिताबाईंना पाहवत नव्हती.

आठवडाभरात नवी फळी उभी राहिली. ती गोल नव्हती, चौकोनीही नव्हती. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अठरा फूट लांब आणि विळ्यासारखी वाकलेली. तिच्यावर एकच लाईन. जिथून निघाली तिथं परत न येणारी. स्टेशन नाही, पूल नाही. चंद्रकुमार जुन्या ट्रंकेतून एक झेरॉक्स काढून भिंतीला डकवून ठेवायचे आणि त्यावरचे आकडे पंचेचाळीसनं भागत बसायचे.

"खऱ्यातले पंचेचाळीस मीटर म्हणजे इथं एक मीटर," त्यांनी एकदा विचारल्यावर सांगितलं. "एका बोटाचाही फरक चालत नाई."

ललिताबाईंनी झेरॉक्सकडे नीट पाहिलं नव्हतं. पाहायची त्यांना भीती वाटत होती. पण ज्या दिवशी चंद्रकुमारांनी रुळाच्या कडेला आगकाडीच्या तुकड्यावर एक पिवळी पाटी रोवली आणि तिच्यावर 'सी/फा' लिहिलं, त्या दिवशी त्यांना कळलं. पुढे फाटक आहे, शिट्टी वाजवा, असं ड्रायव्हरला सांगणारी ती पाटी. आणि तिच्या पुढे, वळण संपतं तिथं, एक मातीचा रस्ता रूळ ओलांडून जात होता. त्याला ना दांडा होता, ना चौकी.

बोरीटोल्याचं फाटक होतं ते.

अकरा वर्षांपूर्वी, धानाची चुरणी, म्हणजे मळणी, उरकत आलेली असताना, तिथं एक बैलगाडी रुळांत अडली होती. एका बैलानं पाय रोवले आणि तो काही केल्या हलेना. गाडीवान गोमाजी खाली उतरून त्याला ओढत होता. चंद्रकुमारांची गाडी वळणावरून आली. त्यांनी ब्रेक मारला, हॉर्न दाबून धरला, पण गाडी थांबली नाही. गोमाजी गेला, एक बैलही गेला. चौकशी झाली. ड्रायव्हरनं शिट्टी दिली होती, वेग बरोबर होता, चूक नाही, असं लिहून आलं. चंद्रकुमार महिनाभर घरी बसले आणि पुन्हा ड्यूटीवर गेले. त्यानंतर त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि ललिताबाईंनी कधी विचारलं नाही. दोघांनी त्यावर जणू माती लोटली होती.

आणि आता तेच फाटक त्यांच्या माडीवर होतं.

त्या दिवसापासून ललिताबाईंचे कान माडीकडे लागून राहिले. वरून कंट्रोलरची बारीक घूं सुरू व्हायची, गाडी निघायची, सात-आठ सेकंद रुळांचा खडखडाट, मग थांबायची. परत मागे आणायची. परत निघायची. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. त्या भाजी चिरताना मनातल्या मनात मोजत बसायच्या. आवाज मध्येच बंद पडला आणि बराच वेळ पुन्हा आला नाही, की विळी तशीच सोडून जिन्यापाशी जाऊन उभ्या राहायच्या.

चंद्रकुमार जेवायला खाली यायचे, पण ताटातला अर्धा भात तसाच राहायचा. मनिषचा फोन आला की "चालू हाय, चालू हाय" म्हणायचे आणि फोन बायकोकडे द्यायचे. मनिषकडून त्यांनी एक कॅमेरा तेवढा मागवून घेतला. बोटाच्या पेराएवढा. इंजिनाच्या आत ड्रायव्हरचा डोळा जिथं येतो, बरोबर त्या उंचीवर तो बसवला. कॅमेऱ्याला दिसेल ते मोबाईलवर उमटायचं.

एकदा चंद्रकुमार आंघोळीला गेले असताना ललिताबाई वर गेल्या. वळणाच्या आतल्या बाजूला दोन बाभळी, पलीकडे बारकी मोरी, रस्त्यावर बैलगाडी. पुठ्ठ्याची, पण चाकांच्या आऱ्यांसकट. तिच्यापुढे दोन बैल आणि एक माणूस. माणसाला चेहरा नव्हता. फळीच्या कडेला पेन्सिलनं दोन रेघा मारल्या होत्या. एकीखाली 'ब्रे' लिहिलं होतं. दुसरी तिच्यापासून दीडेक फूट मागे होती. तिच्याखाली काहीच लिहिलं नव्हतं.

त्या पाहत असतानाच चंद्रकुमार ओल्या केसांनी दारात येऊन उभे राहिले. ललिताबाई दचकल्या. पण आता दचकलोच आहोत तर विचारून घ्यावं, असं त्यांना वाटलं.

"ही रेघ कायची हाय?"

"ब्रेक मारला तिथं. फाटकापासून नव्वद मीटर. चौकशीत लिहिलं हाय."

"अन् ही मागची?"

चंद्रकुमार खुर्चीवर बसले. टॉवेल मांडीवर घेऊन त्याची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "माही पाण्याची बाटली पडली होती. लोळत ब्रेकच्या दांड्याखाली गेली. मी उचलाले वाकलो. दोन सेकंद. वर पाहतो त समोर बैलगाडी."

अकरा वर्षं एका छपराखाली काढली आणि हे ललिताबाईंना माहीत नव्हतं.

"चौकशीत सांगितलं नाई?"

"नाई."

"असिस्टंट?"

"तो बाहेरच्या बाजूनं होता. वळणावर त्याले दिसतच नाई." त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला. "मले एवढंच पाहाचं हाय, ललिता, का त्या दोन सेकंदानं किती फरक पडला. तिकडं आता काही राहिलंच नाई. मोठ्या लाईनीसाठी वळणच सरळ केलं, भराव टाकला. जाऊन पाहीन म्हटलं तरी पाहता येत नाई. म्हून हे."

"अन् फरक पडला असंन त?"

ते उठले आणि टॉवेल वाळत घालायला गेले.

चार दिवसांनी सगळं जागच्या जागी बसलं आणि त्यांनी कॅमेरा लावून गाडी सोडली. ललिताबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांना पाहायचं नव्हतं, पण चंद्रकुमारांना एकटंही सोडवत नव्हतं. मोबाईलवर रूळ सरकू लागले. पिवळी पाटी आली, गेली. बाभळी वळल्या. आणि त्यांच्या मधून, लांबवर, बैलगाडी स्वच्छ दिसली.

चंद्रकुमारांनी गाडी थांबवली. टेपनं मोजलं. पुन्हा मोजलं. चार मीटर बावीस.

"एकशे नव्वद," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"एकशे नव्वद मीटरवरून दिसत होती. ब्रेक मारल्यावर थांबाले दीडशे लागतेत." त्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि म्हणूनच ललिताबाईंना तो सोसवेना. "मी मारला नव्वदवर. शंभर मीटर गाडी तशीच गेली. शंभर मीटर म्हंजे नऊ सेकंद. मले दोन सेकंद आठवतेत. मंग बाकीचे सात सेकंद मी कुठं होतो?"

त्यानंतर माडीवरचा आवाज वाढला नाही, उलट थांबला. चंद्रकुमार वर जाऊन नुसते बसायचे. त्यांनी बाभळींना पानं वाढवून पाहिली, फांद्या खाली वाकवून पाहिल्या. आकडा एकशे ऐंशीच्या खाली येईना. ललिताबाई चहा घेऊन गेल्या की ते विचारायचे, "माणूस नऊ सेकंद खाली पाहून राहिला असंन, अन् त्याले दोनच आठवत असंन, असं होते का?" त्या म्हणायच्या, "नाई होत." पण त्यांना तरी काय माहीत होतं. ते गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तरी त्या काहीतरी निमित्त काढून मागे जायच्या. दाढीचं सामान त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवलं आणि "रोज कायले दाढी, ड्यूटीवर जाच हाय का कुठं" असं उगाच म्हणून गेल्या. मनिषला फोन करावा असं दहादा मनात आलं. पण फोनवर सांगायचं काय? तुझे बाबा खेळण्यातल्या गाडीकडे बघून रडतात?

एका सकाळी त्या भिंतीवरच्या झेरॉक्ससमोर उभ्या राहिल्या. रेल्वेच्या लोकांनी काढलेला नकाशा. दोन बाभळी, मोरी, रस्ता. नकाशा खोटा नसेल, पण तो अपघाताच्या दुसऱ्या दिवशी काढलेला होता. आदल्या दिवशी तिथं अजून काही असेल तर? हे सांगू शकेल असं एकच माणूस त्यांना सुचलं आणि त्या माणसाचं नाव मनात येताच त्यांनी नकाशाकडे पाठ फिरवली.

गोमाजीची बायको गोदावरीबाई हल्ली कोंढ्याला लेकीकडे राहते, एवढं त्यांना ऐकून माहीत होतं.

"अड्याळले ताराबाईच्या घरी जाऊन येतो," असं चंद्रकुमारांना सांगून त्या निघाल्या. शकुनबाईंना मात्र सांगितलं, "अर्ध्या अर्ध्या तासानं याईले माडीवर आवाज देत जा." एसटीत खिडकीशी जागा मिळाली. अड्याळ आलं तेव्हा उतरून परत फिरावं असं त्यांना फार वाटलं. गाडी सुटली आणि मग उतरायचा प्रश्न राहिला नाही.

कोंढ्यात विचारत विचारत घर सापडलं. अंगणात एक वाळकी, उंच बाई सुपात तांदूळ पाखडत बसली होती.

"गोदावरीबाई तुमीच का?"

"हव. कोन वो तुमी?"

वाटेत ललिताबाईंनी चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "मी भंडाऱ्याहून आली. बोरीटोल्याच्या फाटकावर... जो ड्रायव्हर होता ना, त्याची बायको."

सूप थांबलं. आतून एक तिशीतली बाई बाहेर आली. ती लेक गुड्डी, गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. दोघी मायलेकी ललिताबाईंकडे पाहत राहिल्या. बसा कोणी म्हटलं नाही.

"अकरा वर्सं झाली," गोदावरीबाई शेवटी म्हणाल्या. "आता कायले आल्या?"

ललिताबाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं. माडीवरची रेल्वे, वळण, कॅमेरा. सांगताना त्यांना स्वतःलाच ते वेड्यासारखं वाटत होतं. पाण्याच्या बाटलीचं त्यांनी सांगितलं नाही, जिभेवर आलं होतं तरी. मग हात जोडून म्हणाल्या, "तुमाले एकच विचाराचं हाय. त्या दिवशी तिथं वळणाच्या आतल्या अंगानं काही होतं का? झाड म्हना, झोपडी म्हना?"

"काही नोतं," गोदावरीबाई म्हणाल्या. प्रश्न संपायच्या आत. आणि सूप घेऊन आत निघून गेल्या.

गुड्डी बसथांब्यापर्यंत सोबत आली. एसटी येताना दिसली तेव्हा म्हणाली, "भंडाऱ्यात कुठं राहता, मावशी?"

घरी आल्यावर ललिताबाईंनी खोटं झाकून ठेवलं नाही. आपण कुठं गेलो होतो ते सांगून टाकलं. चंद्रकुमारांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तू तिच्या दारात गेली? तिच्या? मी अकरा वर्सं त्या गावचा रस्ता नाई धरला अन् तू..." दोन दिवस ते बायकोशी बोलले नाहीत. ललिताबाईंनी आपलं काय चुकलं याचा विचार करत भांडी घासली, पुन्हा घासली.

पाचव्या दिवशी दुपारी अंगणाच्या फाटकाची कडी वाजली. बाहेर रिक्षातून गुड्डी उतरत होती आणि तिच्या खांद्याला धरून गोदावरीबाई.

"पाहू द्या मले ते," त्या म्हणाल्या.

चंद्रकुमार माडीवरच होते. गोदावरीबाईंना दारात पाहून ते ताडकन उठले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले, जणू त्यांना तिथून आणखी मागे जायचं होतं. नमस्कार करायचंही त्यांना सुचलं नाही. गोदावरीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या फळीच्या कडेकडेनं चालत गेल्या. पिवळी पाटी, बाभळी, मोरी. बैलगाडीपाशी थांबल्या. पुठ्ठ्याच्या माणसावर त्यांनी बोट ठेवलं, अगदी हलकं, आणि काढून घेतलं.

"धोतर नोते घालत ते," त्या म्हणाल्या. "पायजमा घालत."

"बदलतो मी," चंद्रकुमार कसेबसे म्हणाले.

यांना इथं यायला आपणच भाग पाडलं, आता काही वेडंवाकडं झालं तर ते आपल्याच माथी, हे एकच ललिताबाईंच्या डोक्यात फिरत होतं.

गोदावरीबाईंनी वळणाच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या बाभळीच्या अलीकडे, हात ठेवला. "इथं तनसीचा ढीग होता."

धान चुरून झाल्यावर उरलेलं गवत, जनावरांसाठी रचून ठेवतात ते. चंद्रकुमार भिंतीपासून पुढे आले. "नकाशात नाई. मलेही आठवत नाई."

"नकाशात कसा राहीन? भासऱ्यानं, यांच्या मोठ्या भावानं, त्याच सांजेले पोरायले घेऊन उचलून नेला. जागा रेल्वेची होती ना. म्हनले, साहेब लोकं आले त आपल्यालेच धरतीन." त्यांचा आवाज कोरडा होता. पुष्कळदा मनात म्हणून झालेलं बोलावं तसा. "खळ्यात जागा नोती. बांधीत ओल होती. हे म्हनत होते, लाईनीच्या कडेले नको. मीच म्हनली, चार दिवस ठेवा, काय होते. मीच म्हनली."

"माय," गुड्डी म्हणाली.

"बोलू दे मले. तुलेही नाई सांगतलं मी." त्यांनी चंद्रकुमारांकडे पहिल्यांदा पाहिलं. "तुमची मालकीन येऊन गेली तवापासून मले घास नाई गिळवला. लावा तुमी तो ढीग. मले पाहाचं हाय."

चंद्रकुमारांनी तागाचे धागे काढले. पण ते गोदावरीबाईंनीच घेतले आणि जमिनीवर बसून ढीग रचायला लागल्या. चंद्रकुमार उंची विचारत होते. दीड माणूस. रुंदी? चंद्रकुमार आकडा सांगायचे, त्या मान हलवायच्या. "एवढा बारका नोता. सात बैलगाड्यांची तनस होती." दहा-पंधरा मिनिटं ते दोघं एखाद्या कामावरच्या सोबत्यांसारखे बोलत होते. ललिताबाई आणि गुड्डी दाराशी उभ्या राहून ते पाहत होत्या. कोणालाच रडू येत नव्हतं.

ढीग ठेवला. गाडी मागे नेली. कंट्रोलरची घूं सुरू झाली.

मोबाईलवर पिवळी पाटी गेली. पहिली बाभूळ गेली. मग सगळा पडदा पिवळ्या धाग्यांनी भरला, नुसती तणस, आणि ललिताबाईंना वाटलं आता हे संपणारच नाही. मग ती सरकली आणि एकदम, अगदी पुढ्यात, बैलगाडी उभी राहिली.

गाडी थांबली. टेप उलगडला. चंद्रकुमारांना आकडा वाचता येईना, म्हणून गुड्डीनं वाचला. "दोन मीटर चव्वेचाळीस."

"एकशे दहा," चंद्रकुमार म्हणाले. पेन्सिलनं त्यांनी तिथं रेघ मारली. ती त्यांच्या जुन्या, नाव नसलेल्या रेघेच्या अगदी जवळ पडली. दोन्ही रेघांवर बोट ठेवून ते म्हणाले, "दोनच सेकंद. नऊ नाई."

ललिताबाईंना सुटल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच, कारण चंद्रकुमार गोदावरीबाईंकडे वळले होते. ललिताबाई मनात म्हणाल्या, नको. आता नको. एवढं झालं ते पुरे.

"बाई, मी दोन सेकंद खाली वाकलो होतो," चंद्रकुमार म्हणाले. "पाण्याची बाटली उचलाले. हे मी साहेबांले सांगितलं नाई. कोणालेच नाई."

गुड्डीनं मान वर केली. गोदावरीबाई तशाच बसून होत्या, मांडीवर तागाचे उरलेले धागे.

"नसते वाकले त?"

"थांबली नसती. दीडशे लागतेत, एकशे दहाच होते." ते थांबले. इथं गप्प बसता आलं असतं. "पण जराशी हळू बसली असती धडक. काय झालं असतं, मले सांगता येत नाई."

रस्त्यावरून भांडी विकणारा ओरडत गेला.

"अकरा वर्सं मी तुमाले शिव्या देल्या," गोदावरीबाई म्हणाल्या. "रोज. दिवा लावताना. ढीग माहा होता हे मले माहीत होतं, तरी देल्या." त्यांनी धागे मुठीत गोळा केले. "आता कोनाले देऊ?"

चंद्रकुमार त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्या वयात गुडघे मोडून बसणं त्यांना सोपं नव्हतं. "मलेच देत जा," ते म्हणाले. "माही काही ना नाई."

गोदावरीबाईंचा चेहरा वाकडा झाला आणि त्या रडायला लागल्या. मोठ्यानं, अंगण भरून जाईल अशा. गुड्डी धावली. ललिताबाई पाणी आणायला म्हणून खाली गेल्या आणि माठापाशी उभ्या राहून स्वतःच रडल्या. पेला भरला, सांडला, पुन्हा भरला.

त्या दिवशी मायलेकी जेवायला थांबल्या नाहीत. चहा घेतला, तोही अर्धा. गुड्डीनं जाताना फाटकातून मागे वळून पाहिलं. तिच्या नजरेत राग होता की नुसता थकवा, हे ललिताबाईंना कळलं नाही. बापाबद्दल दोन गोष्टी तिला एका दुपारी कळल्या होत्या आणि दोन्ही तिच्या आधी दुसऱ्यांना ठाऊक होत्या.

सगळं लगेच सुधारलं असं काही झालं नाही. चंद्रकुमार पंधरा दिवस माडीवर गेले नाहीत. जेवण मात्र ताटात उरेनासं झालं. एकदा ते झोपेतून उठून म्हणाले, "हळू बसली असती धडक," आणि पुन्हा कुशीवर वळले. ललिताबाईंनी दाढीचं सामान परत जागेवर ठेवलं, पण कपाटाकडे त्यांचं लक्ष अजून जायचं. मनिषला त्यांनी फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, होळीला येतो.

माघ संपताना एका दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"मी गोदावरी बोलून राहिली, कोंढ्याहून. गुड्डीनं लावून देला." मग त्या लगेच मुद्द्यावर आल्या. "बाई, त्या रस्त्याच्या पलीकडं बोडी होती. आमच्या धानाले तिचंच पानी. तिच्या पाळीवर मोठं मोहाचं झाड होतं. त्याईच्या फळीवर ते नाई दिसलं मले."

"फळी तिथंच संपते ना, बाई," ललिताबाई म्हणाल्या. "भिंत आली."

"असं का." त्या म्हणाल्या. "हे दुपारची भाकर त्याच झाडाखाली खात."

ललिताबाईंनी फोन कानाशी धरूनच ओसरीकडे पाहिलं. चंद्रकुमार खुर्चीत बसले होते, डोळे मिटून. झोपले होते की नाही, सांगता येत नव्हतं. विचारावं की विचारू नये, हे ललिताबाईंना कळेना. मग त्यांनी हाक मारली.

"अजी. मोहाचं झाड बनवनं होते का तुमच्यानं?"

त्यांनी डोळे उघडले. फोनकडे पाहिलं, कोणाचा आहे ते त्यांना बरोबर कळलं.

"केवढं?" त्यांनी विचारलं. "विचार, बुंध्याले दोन माणसं लागत का तीन."